बसमावशीचे सहा आठवडे

आमच्या शाळेत मुलं मला घाबरतात, कारण मी गणित शिकवते. मोठ्या सरांना घाबरतात, कारण ते मुख्याध्यापक आहेत. बसमावशीला का घाबरतात हे मात्र मला बरीच वर्षं कळलं नव्हतं, कारण तिचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. मग एकदा मी तिच्या बसमध्ये बसले. मागे पोरांनी धुडगूस घातला, तशी तिने बस रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि हाताची घडी घालून समोर बघत बसली. "चालू द्या तुमचं," म्हणाली, "मला काही घाई नाही." दोन मिनिटांत बसमध्ये सगळं चिडीचूप. माझ्या वर्गात एवढी शांतता आणायला मला अर्धा तास घसा कोरडा करावा लागतो, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मला तिचा हेवाच वाटला.

मावशी सत्तावन्न वर्षांची आणि चांगलीच बुटकी आहे. तिच्या खाली एक उशी आणि पाठीशी एक उशी, तेव्हा कुठे तिची नजर स्टेअरिंगवरून रस्त्यावर पोचते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, बस आपली आपणच चालली आहे. तिच्या नवऱ्याचा दुधाचा टेम्पो होता. त्याची कंबर धरली तेव्हा "दोन महिने मी चालवते, मग तुझा तू सांभाळ," म्हणून ती टेम्पोत चढली आणि अकरा वर्षं उतरली नाही. नवरा शेजारी बसून सूचना द्यायचा. "जिवंत होता तोवर एका वळणावर गप्प बसला नाही," असं ती अजून कौतुकाने सांगते. तो गेल्यावर ती शाळेत नोकरी मागायला आली. बाई माणूस बस कशी चालवणार म्हणून सगळ्यांनी नाकं मुरडली. मावशीने उभ्या असलेल्या बसची किल्ली मागून घेतली आणि आमच्या त्या अरुंद फाटकातून बस उलटी, एका दमात बाहेर काढली. आधीच्या ड्रायव्हरला तिथे रोज तीन वेळा पुढेमागे करावं लागायचं. या गोष्टीला बावीस वर्षं झाली.

तिचे नियम तिचे स्वतःचेच. ज्याचा चुरा पडतो ते बसमध्ये खायचं नाही. बिस्किटं, वेफर्स, पाव, सगळं बंद. झाकणबंद बाटली चालते, कारण ती सांडत नाही. आणि जे फुटण्यासारखं असेल, मग ते विज्ञान प्रदर्शनाचं मॉडेल असो की कुणाची काचेची बरणी, ते पहिल्या सीटवर ठेवून ती स्वतः बेल्ट लावते. चष्मे दोन. गाडी चालवताना दूरचा, आणि वाचायचा समोरच्या कप्प्यात. दूरच्या चष्म्यातून तिला चार चौक पलीकडचा सिग्नल दिसतो, पण हातातलं अक्षर दिसत नाही.

आता त्या गुरुवारचं सांगते. त्यात माझीही बाजू फारशी चांगली नाही, हे आधीच कबूल केलेलं बरं.

आमच्या मुलींचा व्हॉलीबॉल संघ उपांत्य सामना जिंकला. शाळेच्या जन्मापासून अंतिम सामन्याचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं. सामना दीड तासावरच्या गावात होता. बारा मुली, खेळाचे सर, सोबत शिक्षिका म्हणून मी, आणि मावशी. शेवटचा गुण पडला तेव्हा मी, जिला व्हॉलीबॉलमधलं ओ का ठो कळत नाही, खुर्चीवर उभी राहून ओरडले. खेळाच्या सरांना तर धीरच धरवेना. ही बातमी मोठ्या सरांना आपणच तोंडाने सांगायची म्हणून ते मोटारसायकलवर टांग टाकून पुढे निघून गेले.

कॅप्टन मुलीची आत्या त्याच गावात दुकान चालवते. ती सामना बघायला आली होती, आणि भाचीचा पराक्रम बघून तिचं ऊर भरून आलं होतं. तिने दुकानातून बाटल्यांचं एक खोकं आणलं. बाटल्यांवर लालचुटुक सफरचंदाचं चित्र. "पोरींना प्यायला," म्हणाली. मावशीने बघितलं, चुरा पडत नाही, झाकणं घट्ट, पण काच आहे. तिने खोकं उचललं, पहिल्या सीटवर ठेवलं, बेल्ट लावला, ओढून बघितला, आणि आत्याला म्हणाली, "आता एक बाटली जरी फुटली तर माझं नाव बदला."

अर्ध्या वाटेवर माझ्या बहिणीचं घर लागतं. "मावशी, मी इथेच उतरते, आता पाऊण तासाचाच तर रस्ता आहे," मी म्हणाले. नियम सांगतो की सोबतच्या शिक्षिकेने शेवटची मुलगी उतरेपर्यंत बसमध्ये राहायचं. तो नियम लिहिणाऱ्या समितीत मी होते. मी खुशाल उतरले आणि बहिणीकडे कॉफी पीत बसले.

सफरचंदाचं चित्र होतं, पण आत दारू होती. हलकी असली तरी दारूच. मी उतरल्यावर खोकं उघडलं, तेव्हा कॅप्टनने बाटली हातात घेताच ते वाचलं. मुलींनी एकमेकींकडे बघितलं, "आत्यानेच दिलीय ना," असं कुणीतरी म्हणालं, आणि बाराही जणींनी झाकणं उघडली. संघातली सगळ्यात छोटी, जिला सगळे चिमणी म्हणतात, तिला तहान लागली होती म्हणून तिने दोन संपवल्या.

मावशीला आधी नुसता आनंदच वाटला. जिंकलेल्या पोरी गाणारच. मग गाणी बेसूर झाली. मग वास आला. तिने बस कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं, पण या वेळी ती हाताची घडी घालून बसली नाही. कप्प्यातून वाचायचा चष्मा काढला, बाटली डोळ्यांसमोर धरली, आणि मटकन पायरीवर बसली.

"अगं बाई," ती म्हणाली, "याला मी बेल्ट लावला!"

एक मुलगी भीतीने खिदळली. मावशी उठली. प्रत्येकीला खाली उतरवून पाणी पाजलं, झाडाखाली दहा-दहा चकरा मारायला लावल्या, चिमणीचं डोकं धरून बसली, उरलेल्या बाटल्या मोजून खोक्यात परत ठेवल्या. मग मोठ्या सरांना फोन लावला. "सर, मुली दारू प्यायल्यात. बाराच्या बारा धड आहेत. घेऊन येतेय."

पण तोवर शाळेच्या फाटकात पालक फुलं घेऊन जमले होते, आणि त्यांना घरी पाठवायचं कसं हे मोठ्या सरांना सुचेना. बस आली. दार उघडलं. बारा पोरी पांढऱ्याफटक चेहऱ्यांनी उतरल्या. कुणीतरी सवयीने टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि चिमणीला मोठ्या सरांच्या हातातल्या गुच्छातच उलटी झाली.

शुक्रवारी मी अहवाल लिहायला बसले. शिस्त समितीची सचिव मीच ना! असा खणखणीत अहवाल लिहिला की विचारू नका. मुलींचं बेजबाबदार वर्तन, शाळेची मान खाली, कडक कारवाई. सोबतच्या शिक्षिकेविषयी त्यात एक अक्षर नव्हतं. लिहून झाल्यावर मी तो दोनदा वाचला आणि मला तो आवडला, हे आठवलं की आजही कानाच्या पाळ्या गरम होतात.

सोमवारी वाचनालयात बैठक बसली. टेबलाच्या एका बाजूला समिती, समोर पालक, खिडकीपाशी ओळीने बारा मुली माना खाली घालून. नियम साधा होता. ज्या खेळाडूने दारू घेतली तिने सहा आठवडे मैदानात उतरायचं नाही. अंतिम सामना शनिवारी. म्हणजे तो गेलाच.

मग जी काही हमरीतुमरी सुरू झाली! एका वडिलांचं म्हणणं, चार घोटांनी काय होतंय, इतिहासात पहिल्यांदा अंतिम सामना आलाय. दुसऱ्यांचं म्हणणं, त्यांची मुलगी तशी नाहीच, बाकीच्यांनी बिघडवली. खेळाचे सर म्हणाले, समज देऊन सोडून द्या, खेळू दे पोरींना. आत्या कोपऱ्यात बसली होती, ती फणकारली, "मी काय विष दिलं? सफरचंदाचंच होतं की!" आणि चिमणीची आई, जी इतका वेळ नुसती मुठी आवळून बसली होती, तिने एकच विचारलं, "ते खोकं बसमध्ये चढवलं कुणी?"

कॅप्टनने मान वर केली. "मी," ती म्हणाली.

"खोटं बोलतेय," दारातून आवाज आला. मावशीला बैठकीला कुणी बोलावलं नव्हतं. ड्रायव्हरला कोण बोलावतं? ती जबाब द्यायचा म्हणून आपणहून येऊन दाराशी उभी होती. "खोकं मी चढवलं. बेल्टही मीच लावला. घट्ट लावला."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकलं.

"बाटलीवर काय लिहिलंय ते वाचायला हवं होतं," मावशी पुढे आली. "दूरचा चष्मा होता, वाचलं नाही. चष्मा बदलायला किती वेळ लागतो? एवढासा. सूट द्या म्हणून सांगत नाहीये. झालं ते असं झालं."

"ही बाई माझ्या मुलीला परत बसमधून नेणार नाही," चिमणीची आई म्हणाली.

"बरोबर आहे तुमचं," मावशी म्हणाली, आणि खिशातून बसची किल्ली काढून तिने टेबलावर ठेवली.

बसमध्ये दारू सापडली की ड्रायव्हरला उतरवायचं, आणि सगळ्या मुलांच्या पालकांनी लेखी संमती दिल्याशिवाय परत बसवायचं नाही, असा नियम होता. मावशीला तो पाठ होता. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. मुलगा दूरदेशी, घरी दोन खोल्या आणि ती. ती बस सोडली तर तिचं दिवसभराचं असं काही नव्हतं, आणि हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

मला मात्र वेगळीच भीती होती. आता ही म्हणणार, बाई अर्ध्या वाटेवर उतरल्या. मी वाट बघत राहिले. मावशीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती फक्त मोठ्या सरांना म्हणाली, "सर, मुलींना सहा आठवडे ना? मग मलाही सहाच. मोठ्या माणसाला कमी नको." आणि जायला वळली.

मी कशी उभी राहिले ते मला आठवत नाही. "मी बहिणीकडे उतरले होते," मी म्हणाले. "त्या बसमध्ये मुलींवर लक्ष ठेवायचं काम माझं होतं. मावशीचं लक्ष रस्त्यावरच हवं. माझा अहवाल अर्धा आहे, मी तो परत घेते." खेळाच्या सरांनी टाळूवरचा घाम पुसला आणि ते उभे राहिले. "मीही पुढे निघून गेलो. बातमी सांगायची घाई." मग आत्या रडायला लागली. "मला माहीत होतं आत काय आहे ते," ती म्हणाली. "मला पोरींची लाडकी व्हायचं होतं."

तिचं ऐकून कॅप्टनही रडली, मग एकेक करत बाराही जणी, आणि त्या धबडग्यात मोठ्या सरांनी निकाल दिला. मुलींना सहा आठवडे. खेळाचे सर सहा आठवडे प्रशिक्षक नाहीत. गणिताच्या बाई वर्षभर प्रत्येक सामन्याला जातील आणि शेवटची मुलगी उतरेपर्यंत बसमध्ये राहतील. आत्याबद्दल पोलिसांत रीतसर कळवणं भागच होतं, ते कळवलं, आणि तिची जी हजेरी घ्यायची ती तिथे घेतली गेली. वर तिने स्वतःहून दर शनिवारी येऊन बस धुवायचं कबूल केलं. मावशी सहा आठवडे बसमध्ये मदतनीस. पुढचं पालकांच्या संमतीवर.

शिक्षा म्हणून सुरू झालेले ते आठवडे इतके मजेत जातील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. बदली ड्रायव्हर तरुण होता, आणि ब्रेक असा मारायचा की शेवटच्या सीटवरचं दप्तर पहिल्या सीटवर यायचं. मावशी दाराशी बसायची. प्रत्येक वळणाला तिचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबायचा. "दाब, दाब, दाब," ती पुटपुटायची, आणि पोरं तिच्याबरोबर सुरात म्हणायची. ती ओशाळून म्हणाली, "मेला माझा नवरा अगदी असाच करायचा हो. आणि मी त्याला किती बोलले!"

अंतिम सामना आमच्या सातवी-आठवीच्या मुलींनी खेळला. प्रशिक्षकाच्या खुर्चीत नियमाप्रमाणे कुणीतरी शिक्षक हवा, म्हणून मला बसवलं. मी हात वर करून डास मारला आणि पंचाने टाइम-आउट दिला. आमच्या बारा जणी बाकांमागे पाण्याच्या बाटल्या आणि टॉवेल घेऊन उभ्या होत्या, आणि त्या छोट्यांना ओरडून ओरडून सांगत होत्या, पाय वाकव, हात वर, घाबरू नकोस. दोन सेट आम्ही सपाटून हरलो. तिसऱ्यात त्या चिमुरड्यांनी चोवीस-चोवीसपर्यंत नेलं. शेवटी हरलोच. पण छोट्यांना खांद्यावर घेऊन आमच्या मोठ्या मुली अशा नाचल्या की जिंकलेला संघ आपलं बक्षीस विसरून आमच्याकडेच बघत राहिला. खेळाचे सर प्रेक्षकांत बसून टॉवेल चावत होते. आत्याने शनिवारची बस आधीच धुऊन चकचकीत करून ठेवली होती, आणि मावशीने खिडक्यांच्या काचा परत एकदा पुसून घेतल्या, तिच्याकडूनच.

सहा आठवडे संपले. मुली मैदानात परतल्या. खेळाचे सर परतले. मावशीच्या संमतीपत्रांचा गठ्ठा आला, आणि त्यात एक कागद कमी होता. चिमणीच्या आईचा.

सोमवारी बदली ड्रायव्हरच आला. मदतनिसाचीही मुदत संपल्यामुळे मावशी घरीच होती. संध्याकाळी मी तिच्याकडे गेले. दोन खोल्या लख्ख, भांडी घासून पालथी घातलेली, आणि मावशी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलेली. तिने मला खुर्ची दिली, स्वतः स्टुलावर बसली. "सकाळी साडेपाचला उठले," म्हणाली. "आवरलं. मग कळेना जायचं कुठे." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला फार वाईट वाटलं.

"मी बोलते चिमणीच्या आईशी," मी तावातावाने म्हणाले. "बाकी सगळ्यांनी दिलं, हिलाच काय झालंय?"

"काही बोलू नका हो बाई," मावशी म्हणाली. "तिने चिडायलाच हवं. त्या दिवशी बसपाशी तिच्यासारखी चिडणारी एक जरी असती ना, तर ते खोकं खालीच राहिलं असतं."

मी काही बोलणार नाही असं तिला वचन दिलं. दुसऱ्याच दिवशी चिमणीच्या आईला गाठलं आणि मावशीचं वाक्य शब्दन्‌शब्द ऐकवलं. माझ्या पोटात काही राहत नाही, हे सगळ्या शाळेला माहीत आहे. तिने ऐकून घेतलं. "असं म्हणाली?" एवढंच तिने विचारलं आणि निघून गेली. मला वाटलं, घोळ केला आपण.

बुधवारी मोठ्या सरांचा मावशीला निरोप गेला. चिमणीची आई सही करायला तयार आहे, पण आधी ती स्वतः बसमधून येऊन बघणार.

गुरुवारी सकाळी मावशी दोन उशा घेऊन बसमध्ये चढली. मीही गेले, कुणी बोलावलं नव्हतं तरी. चिमणीच्या थांब्यावर आई हातात कागद घेऊन उभी होती. ती चढली, चिमणीला खिडकीशी बसवलं आणि स्वतः पहिल्या सीटवर ताठ बसली. पहिल्या वळणावर मावशीने बस नको इतकी हळू घेतली, ते मी पाहिलं, आणि त्या आईनेही पाहिलं. दुसरं वळण नेहमीसारखं. बस अशी चालली की मागचा एक मुलगा झोपी गेला. पुढच्या थांब्यावर एक पोरगी डबा घेऊन चढली, तेव्हा चिमणीच्या आईने मावशीच्याही आधी विचारलं, "काय आहे गं त्यात? उघड बघू." मावशीने आरशातून तिच्याकडे बघितलं.

शाळेच्या फाटकात मुलं उतरली. चिमणीच्या आईने कागद गुडघ्यावर ठेवून सही केली आणि मावशीच्या हातात दिला.

"झालं," ती म्हणाली. "आता उद्यापासून मला यायची गरज नाही."

"या की हो," मावशी म्हणाली. "पोरांवर नजर ठेवायला मी आहे. आम्हा मोठ्यांवर ठेवायला कोण आहे?"

चिमणीच्या आईने माझ्याकडे बघितलं, मावशीकडे बघितलं, आणि गेल्या सात आठवड्यांत पहिल्यांदा ती हसली. चांगली खळखळून हसली. शुक्रवारी सकाळी बस तिच्या थांब्यावर आली, तेव्हा ती चिमणीच्या आधी चढली.